पुट्टीतून पहिला अर्धपुतळा : पागोटंवाला म्हातारा

पहिल्यांदाच अर्धपुतळा करताय ना, मग म्हातारा माणूस निवडा आणि त्याच्या डोक्यावर पागोटं ठेवा. तरुण मुलीचा गुळगुळीत चेहरा करणं सगळ्यात अवघड, तिथं गाल जरासा इकडंतिकडं झाला तरी लगेच डोळ्यात भरतं. म्हाताऱ्याच्या सुरकुत्या, मिशा, आत गेलेले डोळे खूप काही सांभाळून घेतात, आणि पागोट्याखाली डोक्याचा वरचा भाग, केस, निम्मे कान झाकले जातात. आपल्याकडं अशा चेहऱ्यांना तोटा नाही, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते तिथल्या घोडेबाजारात अर्धा तास नुसतं उभं राहा, उन्हानं रापलेले असे एकेक चेहरे दिसतील की कुठला करू नि कुठला नको असं होईल. बाबांना विचारून फोटो काढा, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरका. बाजूचा फोटो विसरू नका, नवीन माणसाचा चेहरा चपटा होतो तो समोरचाच फोटो बघून केल्यामुळं.

आता सामान. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं ‘पुट्टी द्या’ म्हणाल तर भिंतीची पांढरी पुट्टी हातात येईल, ती आपल्या कामाची नाही. आपल्याला हवी दोन भागांची एपॉक्सी पुट्टी, म्हणजे एक रेझिन आणि एक हार्डनर, दोन्ही सारखे घेऊन मळायचे. एम-सील कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं, आतल्या भरावाला ते मस्त. चेहऱ्यासाठी फेविक्रिलचं मोल्डइट घ्या, स्टेशनरी नि क्राफ्टच्या दुकानात असतं, म्युरलवाले तेच वापरतात. परदेशी मूर्तिकार वेल्सचं मिलिपुट किंवा निळी-पिवळी मळून हिरवी होणारी ग्रीन स्टफ वापरतात, ऑनलाइन मिळते पण महाग पडते आणि पहिल्या कामाला तिची गरज नाही. बाकी काय, तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची तार, किचनमधला फॉइल, लाकडाचा ठोकळा, टूथपिक, जाड सुई, दाभण, कटर, जुना बारीक ब्रश, नायट्रिल हातमोजे. हातमोज्यांचा कंटाळा करू नका, न सुकलेलं एपॉक्सी सारखं कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती आयुष्यभर राहू शकते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की पुट्टी घड्याळावर चालते. पोळ्याचे बैल किंवा गुलाबाई मातीची करताना माती वाळायला लागली की पाणी मारायचं आणि पुढं चालू ठेवायचं, पुट्टीत तसं चालत नाही. ती पाणी उडून वाळत नाही, आतल्या आत रासायनिक क्रिया होऊन कडक होते, म्हणून ती मातीसारखी आकसत नाही, तडकत नाही, पण एकदा निघाली की थांबतही नाही. आणि ही क्रिया उन्हाळ्यात जोरात पळते. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो असं धरून चाला. पाकिटावर लिहिलेली वेळ २५ अंशांच्या आसपासची असते आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, म्हणजे पाकिटावर तासभर लिहिलंय म्हणून निवांत बसलात तर पंधरावीस मिनिटांतच ती हाताला रबरासारखी लागायला लागेल. उन्हाळ्यात काम पहाटे करा, दर वेळी बोराएवढाच गोळा मळा, न मळलेले दोन्ही भाग वेगवेगळ्या डब्यांत थंड जागी ठेवा. थंडीत उलटं, रात्री लावलेलं सकाळीही नरम लागू शकतं, घाई नको. मळताना दोन्ही रंग पूर्ण एक होईपर्यंत मळा, कुठं पट्टा दिसत असेल तर तेवढी जागा कायमची चिकट राहते.

म्हणूनच एका बैठकीत चेहरा पुरा करायचा हट्ट धरू नका. एक थर लावा, कडक होऊ द्या, मग त्यावर पुढचा. कडक थरावर दाबलं तरी खालचं मोडत नाही, हीच तर पुट्टीची खरी ताकद आहे. फक्त नवा थर लावायच्या आधी जुन्यावर पॉलिश पेपरनं ओरखडे काढा, धूळ पुसा.

सुरुवात अशी करा, ठोकळ्याला भोक पाडून दुहेरी पीळ दिलेली तार उभी करा, मानेपाशी ती थोडी पुढं झुकवा, कारण माणसाची मान कधीच खांबासारखी सरळ नसते आणि म्हाताऱ्याची तर नाहीच. वर फॉइलचा गोळा घट्ट दाबून बसवा, ढिला राहिला तर पुढं सगळं हलतं. डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत ५ सेंटिमीटरचं घ्या, यापेक्षा लहान घेतलं तर डोळे करताना रडकुंडीला याल. फॉइल तयार मापापेक्षा सगळीकडून ४-५ मिलिमीटर कमीच ठेवा, वर पुट्टी चढायचीय. मग एम-सीलचा पातळ थर देऊन सोडून द्या दुसऱ्या दिवसापर्यंत.

आता मापं, हे पेन्सिलीनं त्या कडक गोळ्यावर काढूनच घ्या. डोळ्यांची रेघ बरोब्बर मध्यावर, म्हणजे तयार डोक्यात २.५ सेंटिमीटरवर. नवीन माणूस डोळे हमखास वर चढवतो कारण आपल्याला कपाळ लहान वाटतं. भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत जेवढं अंतर तेवढंच नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत. ओठांची फट त्या खालच्या भागात वरून एक तृतीयांशावर. कानाचा वरचा काठ भुवईच्या आणि खालचा नाकाच्या बुडाच्या रेघेत, बाजूनं बघितलं तर कान मध्याच्या मागं. दोन डोळ्यांत एक डोळा मावेल एवढी जागा. म्हाताऱ्यात नाक आणि कान थोडे लांब करा, नाकाचा शेंडा खाली झुकवा, ओठ बारीक ठेवा आणि दात पडलेले असतील तर गाल आत घ्या.

डोळ्यांच्या खाचा अंगठ्यानं नाही, ब्रशच्या मागच्या टोकानं दाबा, जरा जास्तच खोल. डोळ्यांच्या गोळ्या ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढ्या करा, म्हणजे ५ मिलिमीटर, आधीच वेगळ्या करून कडक होऊ द्या आणि मग खाचेत बसवा. आरशात धरून बघा, उलट्या प्रतिमेत वाकडेपणा पटकन कळतो. हे पक्कं झालं की पापण्या, अगदी बारीक वळी करून गोळीवर ठेवायची आणि ओल्या ब्रशनं बाहेरची कड गालाकडं ओढून मिसळायची. वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात खालचीवर येते, म्हाताऱ्यात तर तिथली कातडी लोंबते, ती दाखवली की वय आपोआप येतं. ब्रशला पाणी नावालाच लावा, जास्त झालं तर वरचा थर चिखलासारखा होतो. व्हॅसलिन फक्त हत्याराला, चेहऱ्याला लागलं तर पुढचा थर धरणार नाही.

सुरकुत्या सुईनं ओरखडून काढू नका, त्या जखमेसारख्या दिसतात. सुरकुती म्हणजे दोन फुगवट्यांमधली घळ, म्हणून आधी फुगवटे द्या, मध्ये ब्रशनं दाबा. पुट्टी निम्मी कडक झाली की बारीक रेषा छान उठतात, ती वेळ बोटाला आपोआप समजायला लागते. मिशा शेवटी, आधी एकच जाड आकार लावून मग दाभणानं केसांचे झुपके पाडा, एकेक केस नको.

पागोट्यासाठी पुट्टी टाल्कम पावडर लावलेल्या प्लास्टिकवर लाटा, अर्धा तास तशीच राहू द्या (उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरे), मग पट्ट्या कापून पिळत गुंडाळा. लगेच गुंडाळलं तर घड्या बसून सपाट होतात. डोक्यालगतची पहिली फेरी घट्ट, वरच्या सैल. खांदे छातीपर्यंतच आणा, बंडीची एक कड आणि गळ्यातला दोरा पुरे.

घासायचं ते पाण्यात पॉलिश पेपर भिजवून, आधी ४०० नंबरचा मग ८०० चा, कोरडं घासायचंच असेल तर मास्क लावा, ही भुकटी छातीत जाता कामा नये. मग राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, हलका हात मारा, लपलेली बोटांची छाप, भोकं सगळी उघडी पडतात, ती भरून परत प्रायमर मारा आणि तो पूर्ण वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक रंग, आधी तपकिरी गडद, त्यावर नाकाच्या शेंड्याला, गालाच्या हाडाला आणि कानाच्या पाळीला थोडी लाली.