परदेशात राहताना दूरच्या पल्ल्याच्या सायकलस्वारांचा गट भेटला, तर काय करावे

परदेशात राहत असताना लांबच्या प्रवासाला निघालेले सायकलस्वार आपल्या गावातून जाताना दिसले की त्यांना हात करून थांबवावे, पाणी द्यावे, जमल्यास घरी बोलवावे असे अनेकांना वाटते. ही इच्छा चांगलीच आहे. परंतु तिच्यावर अंमल करण्यापूर्वी हा गट कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखले पाहिजे. जी मदत एका गटाला दिवसभर आठवत राहते, तीच दुसऱ्या गटातील स्वाराला अडचणीत आणू शकते.

ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत. चाकांच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, मागे बांधलेला तंबू आणि बेताचा वेग दिसला, तर ते आपले सामान स्वतः वाहणारे प्रवासी असतात. त्यांचा मुक्काम बहुधा लवचीक असतो आणि मदतीचा खरा उपयोग त्यांनाच होतो. सायकली मोकळ्या असून मागेपुढे सामानाची गाडी फिरत असेल, तर ती आयोजित सहल असते. तिथे जेवण आणि मुक्काम आधीच ठरलेला असतो, म्हणून जे काही विचारायचे ते गटप्रमुखाला विचारावे.

तिसरा प्रकार ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेले लांबचे अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पूर्ण करण्याच्या उपक्रमाचा; आपल्याकडचे सायकलस्वार त्याला बीआरएम म्हणतात. छोटी पिशवी, अंगावर परावर्तक जाकीट, प्रखर दिवे आणि घड्याळाकडे सतत लक्ष ही त्याची लक्षणे. ही शर्यत नसते, पण वेळेची मर्यादा कडक असते: २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस, ६०० साठी चाळीस. या उपक्रमांच्या नियमांनुसार स्वाराला खासगी मदत फक्त नियंत्रण-केंद्रांवर, म्हणजे वाटेत त्याच्या हजेरीची नोंद होते त्या ठरलेल्या ठिकाणी, घेता येते. मध्येच कोणाच्या मोटारीने त्याच्या मागून जाणे, सामान पुरवणे चालत नाही. म्हणून ओळखीचा एखादा रँडोनर (ब्रेव्हे करणारा स्वार) तुमच्या भागातून जाणार असेल, तर त्याला भेटायला पुढच्या नियंत्रण-केंद्रावर जावे. याचा अर्थ रस्त्यावर पाणीसुद्धा देऊ नये असा नव्हे. १८९१ साली सुरू झालेल्या आणि आता चार वर्षांतून एकदा होणाऱ्या सुमारे १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या ब्रेव्हेत वाटेवरच्या गावांतील लोक घरासमोर टेबल मांडून येईल त्याला पाणी आणि कॉफी देतात. फरक इतकाच की ते टेबल सर्वांसाठी खुले असते, एका विशिष्ट स्वाराच्या सोयीसाठी फिरत नसते.

तुम्ही मोटारीत असाल, तर सर्वांत मोठी मदत म्हणजे घाई न करणे. सायकलस्वाराला ओलांडताना बाजूला किती अंतर ठेवावे, हे अनेक देशांत कायद्याने ठरलेले आहे: जर्मनीत वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर, फ्रान्समध्ये वस्तीत एक आणि बाहेर दीड मीटर. जर्मनीत पंधराहून अधिक सायकलस्वार एकत्र जात असतील, तर ते एकसंध ताफा म्हणून शेजारी-शेजारी दोघे असे चालवू शकतात, आणि ताफ्याचे पहिले स्वार हिरव्या दिव्यावर चौक ओलांडू लागले की मधेच दिवा लाल झाला तरी उरलेल्यांनाही त्यांच्या मागोमाग जाता येते. नियम ठाऊक नसलेला चालक मधेच मोटार घुसवतो आणि वर त्यांनाच बेशिस्त ठरवतो.

गप्पा सुरू झाल्या की सहसा रस्त्याची चौकशी होते, आणि इथे स्थानिक माणूस हमखास चुकतो. मोटारीतून सपाट वाटणारा रस्ता सामान लादलेल्या सायकलीवर चढाचा ठरतो. ‘इथून जवळच आहे’ या शब्दांना तर काहीच अर्थ नसतो. अंतर किलोमीटरमध्ये सांगावे, चढ कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे ते सांगावे, पुढचे पिण्याचे पाणी कुठे मिळेल, दुकाने कोणत्या दिवशी बंद असतात, दुपारनंतर वारा कोणत्या दिशेने वाहतो, आणि कोणत्या बोगद्यात किंवा महामार्गावर सायकलला मनाई आहे, हे सांगावे. स्थानिक भाषा तुम्हाला येत असेल, तर सायकल दुरुस्तीच्या दुकानात किंवा दवाखान्यात त्यांच्यासाठी चार वाक्ये बोलणे हे कोणत्याही खाऊपेक्षा मोलाचे असते. युरोपीय संघात आपत्कालीन क्रमांक ११२ सर्वत्र चालतो, हेही सांगून ठेवावे.

काही अंतर सोबत सायकल चालवायची असेल, तर आधी परवानगी मागावी आणि सुरुवातीला सर्वांत मागे राहावे. सपाटीवर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास पुढच्याच्या आडोशाने चालवल्यास सुमारे पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात, म्हणून सर्वांना पुढच्याच्या चाकाजवळ राहायचे असते. पण आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आणणे धोक्याचे असते, कारण तो जराही सरकला तर पडतो तो मागचा. अचानक ब्रेक दाबू नये, खड्डा दिसला की हाताने खूण करावी, आणि त्यांच्या खुणा वेगळ्या असतील तर त्या निघण्यापूर्वीच विचारून घ्याव्यात.

मुक्कामाचे निमंत्रण द्यायचे असेल, तर त्यांच्या गरजा आधी समजून घ्याव्यात. रोज अनेक तास सायकल चालवणारा माणूस चार हजार किंवा त्याहून अधिक कॅलरी सहज खर्च करतो, त्यामुळे भात, बटाटे, पाव असे पोटभरीचे अन्न नेहमीपेक्षा बरेच जास्त लागते. त्याखेरीज कपडे वाळवायला जागा, फोन आणि दिवे चार्ज करायला पुरेसे प्लग, सायकलींना कुलूपबंद आडोसा आणि प्रेस्टा व श्रेडर या ट्यूबच्या दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला चालणारा हवेचा पंप असला की पुरते. ते घरी असताना त्यांची छायाचित्रे ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नयेत. महागड्या सायकलींचा पत्ता चोराला आयता मिळतो.

निमंत्रणाची एक कायदेशीर बाजू आहे आणि परदेशस्थ यजमानाने ती हलकी समजू नये. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्याला घरी ठेवल्यास ४८ तासांच्या आत पोलिसांना कळवावे लागते. चीनमध्ये हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीची नोंद २४ तासांच्या आत करावी लागते. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारातील पाहुण्यांविषयीची अटही वाचून घ्यावी.

त्यांच्यासोबत सीमा ओलांडून पुढे जाण्याचा मोह झाला, तर आधी आपली कागदपत्रे पाहावीत. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील, एका देशाचा वैध निवास परवाना आणि पासपोर्ट असेल, तर त्या क्षेत्रातील इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. परंतु ब्रिटन किंवा आयर्लंडमधील निवास परवान्यावर भारतीय पासपोर्टधारकाला ही सवलत मिळत नाही, त्याला वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. आरोग्य विमा त्या देशात लागू आहे का, हे त्याच वेळी तपासावे. परवाना आणि पासपोर्ट मूळ स्वरूपात जवळ ठेवावेत, आणि गटप्रमुखाकडून पुढच्या मुक्कामाचा पत्ता लिहून घेऊनच निघावे.