फ्लॅट भाड्याने देताय? मग या चुका टाळा

पुण्यात दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने देणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत, मी पण त्यातलाच, आणि सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे अकरा महिन्यांचा नोटरी अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे रजिस्टर न करता नुसता नोटरीचा शिक्का मारलेला भाडेकरार.

ब्रोकर म्हणाला सगळे असंच करतात, मीही स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळा झालो. सातव्या महिन्यापासून भाडं बंद, फोन केला की "दादा, पुढच्या आठवड्यात नक्की", आणि वकिलाकडे गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, रजिस्टर केलाय का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 बघा, करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. केला नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं, वर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर लागत नाही हा निव्वळ गैरसमज आहे.

आणि खर्च किती? समजा भाडं 15000, डिपॉझिट 50000, तर 11 महिन्यांची स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्क्याने चारशे-पाचशे रुपये, शहरात रजिस्ट्रेशन फी 1000. एवढ्यासाठी मी पाच महिन्यांचं भाडं घालवलं. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, दुप्पट दराने भरपाईही मागता येते. पण रागाच्या भरात लाईट-पाणी तोडायला जाऊ नका, कायद्यात त्याला मनाई आहे, उलट केस तुमच्यावरच होईल.

दुसरी चूक हिशोबाची. 45 लाखांचा फ्लॅट, वर्षाचं भाडं 1 लाख 80 हजार, म्हणजे 4 टक्के असं वाटतं. आता त्यातून एक महिना रिकामा धरा, एक महिन्याचं भाडं ब्रोकरला, मेंटेनन्सचे 30 हजार, प्रॉपर्टी टॅक्सचे सहा हजार, उरतात 1 लाख 14 हजार, म्हणजे अडीच टक्के. कर्जाचा हप्ता भाड्यातून निघेल या भरवशावर घेऊ नका, प्लीज. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, जास्त मागत असतील तर लेखी विचारा. टॅक्स भरताना भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, ती बरेच जण विसरतात.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाईन देता येते, टाळू नका.

चावी देतानाची गोष्ट मात्र नीट करा. माझ्याकडे घर सोडताना किचनची ट्रॉली निखळलेली, गिझरला गळती, आणि तो म्हणतो आधीपासूनच असं होतं, माझ्याकडे एकही फोटो नाही. आता मी पंखे-ट्यूब मोजून यादी करतो, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढतो, नळ सोडून व्हिडिओ घेतो आणि यादीवर दोघांच्या सह्या. सोडायच्या दिवशी हीच यादी हातात घेऊन खोलीखोलीत फिरायचं, महावितरणचं शेवटचं बिल भरलेलं बघायचं आणि मगच डिपॉझिट परत करायचं, त्याच दिवशी, बँकेतून, उगाच महिनाभर अडकवून ठेवायचं नाही कारण त्यालाही पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं.