उंच केलेल्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट कसा जुळवावा

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की जुन्या पिकअपचे हौसिंग (दोन चाकांमधले डिफरन्शियलचे लोखंडी कवच) मातीला टेकते आणि ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय गाडी निघत नाही. त्यामुळे पाटे वाढवून किंवा लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी) बसवून गाडी चार बोटे उंच करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. उंची बदलण्याचा प्रश्न मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ शी निगडित असल्याने आरटीओत आधी विचारून घ्यावे. त्यानंतर ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) हौसिंगपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडे वळावे, कारण गाडी उंच झाली की तो जास्त तिरपा होतो; आणि वळताना एवढे ध्यानात ठेवावे की शाफ्टची लांबी ही यातील सोपी बाब असून खरे काम कोनाचे आहे.

शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट (तिरपे असतानाही फिरणारा जोड) कोनात फिरू लागला की एका बाजूची गती एकसारखी असूनही दुसऱ्या बाजूची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास राहतो, पण २० अंशांना तो सहा टक्क्यांच्या वर जातो. पुढच्या जॉइंटने निर्माण केलेला हेलकावा मागच्या जॉइंटने भरून काढावा, यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे भाग) एकाच रेषेत असावी लागतात.

मोजणी करताना गाडी सपाट सिमेंटच्या फरशीवर, स्वतःच्या चाकांवर उभी असावी. चासी जॅकवर घेतली तर हौसिंग लोंबकळते आणि आकडे खोटे येतात. ट्रान्सफर केसची फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडण्याची चकती), शाफ्टची नळी आणि पिनियनची (हौसिंगमध्ये शिरणाऱ्या दातेरी दांड्याची) फ्लँज या तीन ठिकाणी कोनमापक लावून उतार लिहून घ्यावा. हे एकदा रिकाम्या गाडीवर आणि एकदा नेहमीचा भार ठेवून करावे, कारण केळीच्या घडांनी भरलेला हौदा मागचे पाटे चांगलेच बसवतो आणि रिकाम्या गाडीवर जुळवलेला कोन भरल्या गाडीत तसा राहत नाही. गाडी ज्या स्थितीत अधिक वेगाने आणि अधिक वेळ धावते, ती स्थिती प्रमाण धरावी.

समजा, ट्रान्सफर केसचा उतार ४ अंश, शाफ्टचा १३ अंश आणि पिनियनचा १ अंश आला. पुढचा जॉइंट ९ अंशांत आणि मागचा १२ अंशांत फिरतो आहे, म्हणजे तीन अंशांचा फरक आहे, आणि तो एका अंशाच्या आत आणायचा आहे. त्यासाठी पाटे आणि हौसिंग यांच्यामध्ये तीन अंशांची पोलादी पाचर घालून पिनियनचे तोंड वर उचलावे. पाचरीचे जाड टोक कोणत्या बाजूला जाईल, हे पाटे हौसिंगच्या वर आहेत की खाली यावर ठरते, म्हणून सेंटर बोल्ट पक्का आवळण्यापूर्वी पुन्हा मोजावे. पुढच्या हौसिंगला मात्र ही युक्ती सहसा लावू नये, कारण तिथे पिनियन जितके अंश वर जाईल तितकाच कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) घटतो आणि स्टीअरिंग सरळ रस्त्यावरही भरकटू लागते. ट्रान्सफर केस खाली उतरवणे हा स्वस्त उपाय सांगितला जातो. सातपुड्याच्या दगडगोट्यांत मला तो पटत नाही, कारण जी उंची मिळवण्यासाठी खटाटोप केला तीच पोटाखाली गमावली जाते. कोन फारच मोठा असेल तर वरच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा जॉइंट बसवावा, आणि मग पिनियन ट्रान्सफर केसला समांतर न ठेवता शाफ्टच्याच रेषेत, इंजिनाचा जोर पडला की ते वर उचलले जाते म्हणून एखादा अंश खाली, ठेवावे.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. अनेक जुन्या जीपवर्गीय गाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो आणि मागचा शाफ्ट निघाला की तो व गिअर, दोन्ही निरुपयोगी होतात.

लांबी पाटे पूर्ण दबलेल्या आणि पूर्ण लोंबकळलेल्या, अशा दोन्ही अवस्थांत मोजावी. दबल्यावर स्लिप जॉइंटमध्ये (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता जोड) सुमारे २५ मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे, आणि लोंबकळल्यावर त्याची स्प्लाइन (दातेरी भाग) पुरेशी आत अडकून राहिली पाहिजे. नवी नळी मूळ नळीच्याच बाहेरच्या व्यासाची आणि जाडीची, सीमलेस असावी; पाण्याचा पाइप चालत नाही. लेथवर योक बसवून चार ठिकाणी टाका मारावा, डायल गेज लावून वाकडेपणा पाहावा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी ओढली जाते, त्यामुळे शेवटी बॅलन्सिंग टाळू नये: ७५ सेंटिमीटर व्यासाचे चाक आणि साडेचारचे गुणोत्तर असलेल्या गाडीत ताशी ६० किलोमीटर वेगाला शाफ्ट मिनिटाला सुमारे १९०० फेरे घेतो.

स्लिप जॉइंट परत जोडताना योकची रेष चुकणे हा सर्वांत सोपा घोटाळा आहे. १६ दात्यांच्या स्प्लाइनवर एक दाता चुकला की साडेबावीस अंशांचा फरक पडतो. मी स्वतः हा दाता चुकवला होता. चोपड्याहून यावलकडे येताना पन्नासच्या पुढे गिअरचा दांडा हातात थरथरू लागला, आणि चाकांचे बॅलन्सिंग करून घेण्यात माझे दोन दिवस गेले. तेव्हापासून शाफ्ट सुटा करण्याआधी दोन्ही भागांवरून जाणारी, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढतो.

क्रॉसमध्ये चारही कपांतून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत भरावे. नाला ओलांडून आल्यावर पुन्हा भरावे. चाचणी आधी सपाट महामार्गावर, फक्त मागच्या चाकांच्या ड्राइव्हवर घ्यावी, कारण मधला डिफरन्शियल नसलेली गाडी कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये चालवली तर शाफ्ट आणि क्रॉस विनाकारण पिळले जातात. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर फ्लँजचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवी पाचर बसल्यावर यू-बोल्ट हमखास सैल पडतात.