आकाशदर्शनाला लोकांना बोलावताय? मग या चुका टाळा

स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारी वेधशाळा म्हटलं की सतत नवीन माणसं येत राहतात, उत्साह भरपूर असतो, आणि त्याच त्या चुका परत पहिल्यापासून सुरू होतात. दुर्बीण कुठली भारी यावर सगळे तासन्‌तास बोलतील, पण रांगेत उभं राहून ज्याने डोळा लावला त्याला शेवटी काही दिसलं का, हे कुणी विचारत नाही. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

झूम वाढवायची घाई

ही चूक बघितली की माझं डोकंच फिरतं. आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांचा डबा उघडला की नवीन माणूस सगळ्यात छोटा आयपीस उचलतो आणि वर बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग पण चढवतो. किती पट मोठं दिसणार त्याचा हिशोब सोपा आहे, दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) भागिले आयपीसचं नाभीय अंतर. नेहमीची 8 इंची डॉब्सोनियन घ्या, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, 1200 मिमी नाभीय अंतराची, तिला 25 मिमीचा आयपीस लावला तर 48 पट, 10 मिमीला 120 पट, 6 मिमीला 200 आणि त्यावर दुप्पट करणारा बार्लो लावला की 400. कागदावर 400 ऐकायला मस्त वाटतं, पण हवा स्थिर नसेल तर ग्रह नुसता उकळताना दिसतो. आणि त्याहून मोठा घोळ म्हणजे आकाश थांबत नाही. ते दर मिनिटाला साधारण पाव अंश सरकतं, आणि 400 पटीला साध्या आयपीसमधून आकाशाचा जेमतेम अंशाचा आठवा भाग दिसतो, म्हणजे आपोआप मागे फिरणारी मोटर नसेल तर ग्रह या कडेपासून त्या कडेपर्यंत अर्ध्या मिनिटात पार.

एकदा शाळेची मुलं आली होती, मोठी रांग, एका नवीन स्वयंसेवकाने शनी लावून ठेवलेला, मी शेजारच्या दुर्बिणीवर होतो. मुलं डोळा लावत होती, दोन सेकंदांत "दिसला दिसला" म्हणत पुढे सरकत होती, रांग इतकी झपाझप चालली होती की शिक्षक पण खूश. त्यातली एक मुलगी माझ्याकडे आली, तिला मी सहज विचारलं की कडं कसं होतं गं, आडवं का तिरकं? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "सगळं काळं होतं, पण सर म्हणाले तो शनी आहे." मी जाऊन डोळा लावला तर खरंच काळं. शनी केव्हाच निघून गेला होता, आणि एकाही पोराने तोंड उघडलं नव्हतं, कारण पुढचा मुलगा दिसला म्हणाला मग आपल्याला दिसलं नाही असं कोण म्हणेल? मोठी माणसंही हेच करतात, खरं तर जास्त करतात.

सगळी रांग परत फिरवली, 25 मिमीचा आयपीस लावून शनी मधोमध आणला आणि मग 10 चा लावला, तिथेच थांबलो. त्या मुलीला फोकसचं बटण हातात दिलं. आधी म्हणाली याला दोन्ही बाजूंना कान आहेत, मग हळूहळू फिरवत गेली आणि एकदम ओरडली, कडं आहे! 1610 मध्ये गॅलिलिओलाही दोन्ही बाजूंना दोन गोळे चिकटल्यासारखेच दिसले होते, ते कडं आहे हे डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने 1659 मध्ये पुस्तकात मांडलं, हे तिला सांगितलं तेव्हा तिने परत एकदा डोळा लावला. लोक पुन्हा येतात ते यासाठी.

तेव्हा माझी सवय सांगतो. कमी पटीने सुरुवात, वाढवायचंच तर एकच पायरी. दर दोन माणसांनंतर मी स्वतः डोळा लावून बघतो, कितीही रांग असू दे. ग्रह मधोमध न ठेवता ज्या कडेने आत येतो त्या कडेजवळ ठेवतो म्हणजे बघणाऱ्याला जास्त वेळ मिळतो. आणि "दिसलं का?" हा प्रश्न विचारायचाच नाही, त्याचं उत्तर कायम हो असतं. गुरू असेल तर "शेजारी किती ठिपके आहेत, कुठल्या बाजूला किती?" असं विचारा. मोठे चंद्र चार, पण एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असला की तीनच दिसतात, त्यामुळे पाठ केलेलं उत्तर चालत नाही. ज्याने मोजले त्याने बघितलं.

मोबाईल आणि टॉर्च

डोळा अंधाराला पुरता सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या झोताने ते सगळं पाण्यात जातं, तुमचंच नाही तर आजूबाजूच्या सगळ्यांचं. लाल दिवा वापरा, तोही मंद. झगझगीत टॉर्चवर लाल कागद गुंडाळून चालत नाही, फटीतून पांढरा उजेड येतोच. मोबाईलबद्दल गेटवरच सांगा, रांगेत ओरडून काही होत नाही.

पौर्णिमेला कार्यक्रम

लोकांना वाटतं पूर्ण चंद्र म्हणजे भारी. उलट तेव्हा चंद्रावर सावल्याच नसतात, सगळं सपाट पांढरं दिसतं आणि आकाशातलं बाकी सगळं धुऊन निघतं. शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या आसपास ठेवा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की लोक हलत नाहीत.

रंगीत फोटो दाखवून नेब्युला दाखवणं

मृगातला तेजोमेघ (नेब्युला) डोळ्याला राखाडी दिसतो, फार तर हिरवट झाक. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, हे आधीच सांगा, नाहीतर माणूस फसवल्यासारखा चेहरा करून जातो. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) म्हणजे नुसता धुरकट डाग, पण हा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय असं सांगून मग डोळा लावायला सांगा, आणि थेट त्या डागाकडे न बघता जरा बाजूला नजर ठेवायला सांगा.

चष्मा काढायचा का असं लोक विचारतात. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर काढून फोकस करता येतो, सिलिंड्रिकल नंबर असेल तर राहू दे. लहान मुलांसाठी स्टूल ठेवा, नाहीतर ती आयपीसलाच लोंबकळतात. हिरवा लेझर मुलांच्या हातात कधीच नाही आणि विमानाच्या जवळपास तर अजिबात नाही.

सूर्य

इथे मी कुणाचंच ऐकत नाही. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारा, वाऱ्याने निघणार नाही असा टेपने पक्का केलेला, आणि लावण्याआधी उजेडासमोर धरून भोक पडलंय का ते तपासलेला. आयपीसमध्ये बसवायचे छोटे सौर फिल्टर मिळतात ते फेकून द्या, सगळा एकवटलेला उजेड त्यांच्यावर पडतो, तापून तडकतात आणि त्या क्षणी डोळा तिथेच असतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना माणसाला पत्ताही लागत नाही.

सगळे विसरतात तो फाइंडर, म्हणजे नेम धरायला शेजारी बसवलेली छोटी दुर्बीण. मुख्य दुर्बिणीला उत्तम फिल्टर आणि शेजारी फाइंडर उघडा, असं मी एका कार्यक्रमात बघितलं. बाहेरून दुर्बीण घेऊन आलेल्या एका गटाचं होतं ते, मला जळका वास आला म्हणून वळलो तर फाइंडरच्या आतल्या फुलीच्या तारा वितळलेल्या, आणि एक मुलगा त्याच फाइंडरकडे वाकत होता. त्याला खांद्याला धरून मागे ओढला. तो गट म्हणत होता की पाचच मिनिटांचा प्रश्न होता, झाकण कशाला शोधत बसायचं. पाच मिनिटं वाचवायला निघालेल्या माणसाला सूर्याच्या दुर्बिणीजवळ उभंच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी फाइंडर काढूनच ठेवतो, जमिनीवर पडणारी दुर्बिणीची सावली सगळ्यात छोटी झाली की सूर्य सापडतो. आणि दुर्बिणीपाशी कायम एक माणूस. पाणी प्यायला जायचं तरी आधी दुर्बीण सूर्यावरून हलवायची, मग जायचं.

आरसा, दव आणि घरी जायची घाई

दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा, गरम आरशातून काहीच धड दिसत नाही. दव पडलं तर रुमाल लावू नका, आरशाच्या लेपावर ओरखडे पडतात ते कायमचे, हेअर ड्रायर मंद ठेवून लांबून फिरवा. आणि ओल्यावर झाकण लावून कपाटात ठेवलं की आत बुरशी धरते. आमच्याकडे दुर्बीण आत आणून तोंड खाली करून उघडीच ठेवतो आणि सकाळी झाकण कोण लावणार त्याची पाळी फळ्यावर लिहिलेली असते.