प्रदेशाध्यक्ष बदलणार म्हणतात, तेव्हा चर्चेतली नावं कशी चाळावीत

पक्ष आपटला की निकालाच्या दुसऱ्या दिवशीच ‘आता खुर्ची कोणाची’ सुरू होतं. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवरचं काँग्रेस भवन घ्या नाहीतर शालिमारची टपरी, कटिंग संपेपर्यंत चार-पाच नावं फिरून येतात. ती चाळायला वहीचं एक पान पुरतं.

पानावर तीन रकाने आखा: नाव, ते चर्चेत कोणी सोडलं, ते कोणाला नको. तिसरा रकाना बहुतेक जण कोराच ठेवतात, आणि अंदाज तिथेच फसतो.

आधी सही कोणाची ते बघा. काँग्रेसचा प्रदेशाध्यक्ष मुंबईत ठरत नाही, नियुक्तीचं पत्र दिल्लीहून संघटन सरचिटणीसांच्या सहीने निघतं. म्हणून ‘आमदारांचा पाठिंबा आहे’ या बातमीपेक्षा दिल्लीने राज्यासाठी नेमलेले प्रभारी कोणाला भेटले, याला वजन जास्त. शिवाय राजीनामा जाहीर झाला म्हणजे पद रिकामं झालं असं नाही. शरद पवारांनी २ मे २०२३ ला राष्ट्रवादीचं अध्यक्षपद सोडतो म्हटलं आणि ५ मे ला निर्णय मागेही घेतला. मधल्या तीन दिवसांत वारसदारांच्या याद्या करणाऱ्यांची शाई फुकट गेली. राजीनामा स्वीकारल्याचं कळेपर्यंत पेन उचलू नका.

आता तिसरा रकाना. २०२४ च्या विधानसभेत काँग्रेस २८८ पैकी १६ जागांवर आली आणि नाना पटोलेंनंतर कोण, याची चर्चा रंगली. सतेज पाटील, अमित देशमुख, विश्वजित कदम, यशोमती ठाकूर ही नावं फिरत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पत्र निघालं ते हर्षवर्धन सपकाळांच्या नावाचं. बुलढाण्याचे माजी आमदार, संघटनेत मुरलेले, पण चर्चेत मागेच. असं का होतं? मोठ्या नावामागे स्वतःचा कारखाना, संस्था, जिल्हा असतो, तसे तेवढेच मोठे विरोधकही असतात. दोन दिग्गज एकमेकांचा पत्ता कापतात आणि ज्याला कोणाचाच ठाम विरोध नाही, त्याच्या गळ्यात माळ पडते. त्यामुळे पानाच्या तळाला दोन ओळी मोकळ्या ठेवा, ‘कोणाच्याच तोंडी नसलेला’ माणूस तिथे येतो.

विभागाचा समतोल हा तर हमखास चकवा. त्याच वेळी विधिमंडळ पक्षनेतेपद विजय वडेट्टीवारांना मिळालं. पटोले भंडाऱ्याचे, सपकाळ बुलढाण्याचे, वडेट्टीवार चंद्रपूरचे, म्हणजे तिघेही विदर्भातले. ‘यंदा उत्तर महाराष्ट्राला संधी’ ही ओळ नाशिकमध्ये दर वेळी ऐकू येते. ती ऐकली की आकडे काढा: २०१७ ला महापालिकेच्या १२२ जागांत काँग्रेसचे ६, २०२४ ला जिल्ह्यातल्या १५ विधानसभा जागांत शून्य. एवढ्या तोकड्या ताकदीवर घासाघीस होत नाही. जातीचं गणित मात्र प्रदेशाध्यक्ष आणि विधिमंडळ पक्षनेता ही दोन्ही पदं एकत्र धरूनच मांडा, एकट्या अध्यक्षावरून ते कधी जुळत नाही.

पेपर वाचताना एक साधी खूण आहे. तीन ठिकाणी तीच नावं त्याच क्रमाने छापून आली, तर तीन सूत्रं नसतात, एकच फोन असतो. पहिल्या क्रमांकाचं नाव बहुधा फोन करणाऱ्याच्या माणसाचं. तेच नाव आठवडाभर एकटंच चाललं तर ते पाडण्यासाठीही सोडलेलं असू शकतं.

ज्यांना पद मिळत नाही त्यांची सोयही याच पानावर लिहा. २०२१ ला पटोलेंसोबत सहा कार्याध्यक्ष नेमले होते. इच्छुक अचानक गप्प झाला की अशी काही तडजोड झाली का, ते विचारा.

शहरातला अंदाज फ्लेक्सवरून घ्या, पण मधला मोठा चेहरा सोडून द्या. वरच्या पट्टीतले छोटे गोल फोटो मोजा. परवापर्यंत सहा होते, आज सात झाले आणि सातवा मुंबईचा आहे, असं दिसलं तर फ्लेक्स लावणाऱ्याचं नाव वाचा. तो बहुधा शहराध्यक्षपदाचा इच्छुक असतो. प्रदेशाध्यक्ष कोण होणार हे त्यालाही ठाऊक नसतं, त्याने फक्त आधीच नमस्कार घालून ठेवलेला असतो. सिडकोत एकाचा फोटो आणि पंचवटीत दुसऱ्याचा, असं दिसलं तर शहरातल्या दोन गटांनी दोन वेगळ्या घोड्यांवर पैसे लावलेत, एवढंच वहीत टिपून ठेवा.