उजनीतला मासा ‘दुर्मिळ’ आहे का, हे आपलं आपण कसं बघायचं

परवा उजनी धरणाकाठच्या केत्तूरकडच्या ओळखीच्या एका काकांनी जाळ्यात आलेल्या माशाचा फोटो पाठवला, खाली एकच ओळ, "सर हा दुर्मिळ हाय का, सोडू का खाऊ". मी बघेपर्यंत तोच फोटो सोलापुरातल्या तीन ग्रुपवर फिरून आला होता आणि एका ग्रुपात तर तो जगातून संपलेला मासा झाला होता बे! मी काय मासेतज्ज्ञ नाही, पण हे तपासायला तज्ज्ञ लागतोच असंही नाही, म्हणून मी कसं बघतो ते लिहितो.

पहिलं काम फोटो, आणि ते लगेच. मी काकांना दुसरा फोटो मागितला तेव्हा आला, पण तो कालवणाचा. तर मासा जिवंत असेल तर पाण्याच्या टबात ठेवून एक आडवा फोटो, एक तोंडाचा जवळून, एक खालून ओठ आणि मिशा दिसतील असा, आणि शेजारी पट्टी किंवा निदान काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. मिशा मोजा. महसीरला म्हणजे आपल्या खडसाला मिशांच्या दोन जोड्या असतात, ओठ जाड आणि खवले मोठे मोठे. नुक्ता नावाचा मासा असेल तर नाकाडावर खोल खाच आणि पुढं टेंगूळ आल्यासारखं दिसतं, ते एकदा बघितलं की विसरत नाही.

आता नाव, आणि सगळा घोळ इथंच होतो. रेड लिस्ट म्हणजे आययूसीएन या जागतिक संस्थेची, कुठल्या जीवाला किती धोका आहे ते सांगणारी यादी, आणि तिच्यातला दर्जा शास्त्रीय नावाला चिकटलेला असतो, बाजारातल्या नावाला नाही. एकाच माशाला भिगवणला एक आणि पंढरपूरला दुसरं नाव असू शकतं. गंमत म्हणजे काही शास्त्रीय नावं आपल्याकडचीच आहेत, कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा लोकांच्या तोंडातली नावंच उचलली, म्हणून आपला खडस टॉर खुद्री आणि नुक्ता शिस्मॅटोरिंकस नुक्ता. नाव चुकलं की काय होतं बघा, कावेरीतला कुबडवाला महसीर एवढा मोठा आणि प्रसिद्ध मासा, पण त्याचं नेमकं शास्त्रीय नाव कुठलं यावर एकमत नव्हतं, २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी आहे हे ठरलं आणि मग कुठं तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून यादीत आला. तोवर कागदावर त्याला धोकाच नव्हता!

नाव शोधायला फोटो आयनॅचरलिस्ट या साइटवर टाका, तिथं जाणकार लोक ओळखून देतात, मग फिशबेस या माशांच्या माहितीच्या साइटवर तेच नाव घालून चित्र आणि वर्णन जुळतंय का बघा. गूगल लेन्सच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका, त्याला प्रत्येक खवल्याचा मासा रोहूच वाटतो.

नाव पक्कं झालं की आययूसीएन रेड लिस्टच्या साइटवर ते रोमन अक्षरात टाका. पान उघडलं की लाल-पिवळ्या गोलावर थांबू नका, खाली चार गोष्टी बघा. एक, मूल्यांकनाचं वर्ष. नुक्ताला ‘संकटग्रस्त’ म्हणजे एंडेंजर्ड म्हटलेली नोंद २०११ ची आहे, आणि दहा वर्षांपेक्षा जुनी नोंद असली की ती नव्यानं तपासायला हवी असं साइटच सांगते. दुसरं, निकष, म्हणजे दर्जा कशावरून दिला ते सांगणारं अक्षर. अक्षर ए असेल तर संख्या घटलीय, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत साधारण निम्म्याहून जास्त घट म्हणजे एंडेंजर्ड, ८० टक्के म्हणजे क्रिटिकल, तेच ‘अतिसंकटग्रस्त’. अक्षर बी असेल तर मासा फार थोड्या भागातच राहतो आणि तो भागही बिघडतोय. तिसरं, संख्येचा कल, घटतोय का स्थिर. चौथं नकाशा, त्यात आपली भीमा नदी आहे का.

आणि ‘डेटा डिफिशियंट’ लिहिलं असेल तर लई लोक त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेतात. तसं नाही ओ, पुरेशी माहितीच नाही एवढंच.

खडसाचं उदाहरण घ्या. आधी एंडेंजर्ड होता, आता लीस्ट कन्सर्न, म्हणजे फारशी काळजी नसलेला. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात वर्षानुवर्षं त्याची पिल्लं तयार करून देशभरातल्या पाण्यात सोडली, त्यामुळं तो पसरला, पण तीच पिल्लं कावेरीत गेली आणि तिथल्या कुबडवाल्याच्या मुळावर आली. शिवाय हा दर्जा जगभरासाठी असतो. यादीत बरा आहे म्हणून आपल्या भीमेतही बरा आहे असं होत नाही, उजनीत तर जाळं ओढलं की चिलापीच चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया.

एक अजून, रेड लिस्ट म्हणजे कायदा नव्हे. पकडायला बंदी आहे का ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत बघायचं, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झालीय, म्हणून जुनी पीडीएफ घेऊ नका.

काकांना मी शेवटी लिहिलं, "काका, पुढच्या वेळी टेंगूळ दिसलं तर आधी तोंडाचा फोटो, मग लगेच पाण्यात सोडा, जागा कुठली ते ग्रुपवर टाकू नका, मला फोन करा." त्यांचं उत्तर आलं, "बरं. पण चव झकास होती."