लॅपटॉपचे ब्लूटूथ अडखळते तेव्हा: दोष शोधण्यापासून वायरलेस कार्ड बदलण्यापर्यंत

ब्लूटूथवरचा आवाज तुटू लागला किंवा माउस अडखळू लागला की वायरलेस कार्ड, म्हणजे लॅपटॉपच्या आतला वाय-फाय व ब्लूटूथ चालवणारा छोटा भाग, बदलून टाकण्याचा सल्ला हल्ली फार सहज दिला जातो. बहुतेक वेळा तो अनाठायी असतो. कार्ड खरोखरच बदलायची गरज असते तेव्हाही तो अपुरा पडतो, कारण ज्या दोन बारीक अँटेना-वायरींवर पुढचे सगळे अवलंबून असते त्यांचा विषय ‘वायरी पुन्हा जोडाव्यात’ एवढ्यावर उरकला जातो. हे काम मी अनेक लॅपटॉपांवर केले आहे. नव्या कार्डाचे पैसे खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याचा आग्रह मी धरतो, आणि वाचकांनीही तो धरावा.

अडखळण्याचा प्रकार आधी ओळखावा

आवाज स्वच्छ, अखंड येत असेल पण पडद्यावरच्या ओठांच्या मागे पडत असेल, तर दोष कार्डाचा नाही. ब्लूटूथ हेडफोनकडे जाणारा आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग पाठवला जातो, हेडफोनमध्ये थोडा साठवला जातो आणि नंतर ऐकू येतो. या सगळ्यात साधारण एकदशांश ते पाव सेकंद जातो. व्हिडिओ दाखवणारे बरेच प्रोग्राम चित्र तेवढेच मागे ठेवून ही तफावत झाकतात, परंतु गेममध्ये किंवा संगीत वाजवताना ती झाकता येत नाही. अशा कामांसाठी वायरचा हेडफोन वापरावा. सर्वांत महागडे कार्डही हा विलंब नाहीसा करणार नाही.

कॉल सुरू होताच संगीताचा दर्जा घसरून ते जुन्या टेलिफोनसारखे ऐकू येत असेल, तर तोही बिघाड नव्हे. हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की जोडणी संगीताच्या पद्धतीवरून संभाषणाच्या पद्धतीवर जाते आणि दोन्ही बाजूंच्या आवाजाला पुरेशी जागा उरत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडावा. प्रश्न तिथेच मिटतो.

माउस एरवी नीट चालतो, परंतु काही वेळ हात काढून पुन्हा लावला की क्षणभर थिजतो, असे असेल तर वीज वाचवण्याची व्यवस्था आड येत आहे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ब्लूटूथच्या नोंदीत पॉवर मॅनेजमेंटचा भाग पाहावा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी. लिनक्समध्ये ब्लूटूथच्या यूएसबी ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचा) ऑटोसस्पेंड, म्हणजे काम नसताना आपोआप झोपी जाणे, बंद करावा. कार्ड लॅपटॉपच्या आत असले तरी त्यातले ब्लूटूथ सहसा यूएसबीमार्गेच जोडलेले असते, त्यामुळे यूएसबीची वीजबचत त्यालाही लागू होते. काही माउस स्वतःच झोपी जातात. तोच माउस दुसऱ्या लॅपटॉपला जोडून पाहिला की कोणाचा दोष ते लगेच कळते.

उरतो तो खरा त्रास: आवाज तुटतो, माउस उड्या मारतो, जोडणी सुटते. इथे प्रश्न रेडिओलहरींचा असतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. हेडफोनसाठी वापरले जाणारे पारंपरिक ब्लूटूथ त्या पट्ट्यातल्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत राहते आणि गर्दीच्या वाहिन्या टाळण्याचा प्रयत्न करते. त्याच पट्ट्यातले वाय-फाय साधारण २० मेगाहर्ट्झची जागा व्यापते, आणि राउटरवर ४० मेगाहर्ट्झची रुंदी निवडलेली असेल तर पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग अडतो. त्यातच लॅपटॉपमध्ये वाय-फाय व ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. दोघे एकाच पट्ट्यात असले की त्यांना आळीपाळीने बोलावे लागते, आणि मोठी फाइल उतरवली जात असताना ब्लूटूथच्या वाट्याला थोडाच वेळ येतो.

म्हणून पहिली चाचणी अगदी साधी आहे. लॅपटॉपचे वाय-फाय दोन मिनिटे पूर्ण बंद करावे आणि आधीच उतरवून ठेवलेले गाणे लावावे. आवाज सुधारला, तर कार्ड ठीक आहे असे समजावे आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडावा. ते शक्य नसेल तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झची रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणावी. दुसरी चाचणी यूएसबी ३ च्या उपकरणांची. बाहेरची हार्ड डिस्क, हब किंवा त्यांची हलक्या प्रतीची केबल नेमकी याच पट्ट्यात गोंगाट करते. ती काढून पाहावी, आणि फरक पडला तर ती लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावावी. तिसरी चाचणी अंतराची: वाय-फाय बंद, यूएसबीला काहीही जोडलेले नाही आणि हेडफोन लॅपटॉपपासून हातभर अंतरावर, अशा स्थितीतही आवाज तुटत असेल तरच संशय लॅपटॉपच्या आत न्यावा. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर त्याआधी जुना ड्रायव्हर परत बसवून पाहावा.

कार्ड विकत घेण्याआधी लॅपटॉप उघडून पाहावा

हा क्रम मी मुद्दाम सांगतो. हातभर अंतरावरही ब्लूटूथ तुटत असेल आणि तो लॅपटॉप पूर्वी पंखा साफ करण्यासाठी किंवा एसएसडी बदलण्यासाठी उघडला गेला असेल, तर माझा पहिला संशय कार्डावर नसतो, अँटेनाच्या वायरीवर असतो. बऱ्याच कार्डांत वाय-फाय दोन्ही अँटेना वापरते, ब्लूटूथ मात्र त्यांपैकी एकीवरूनच चालते. नेमकी तीच वायर सुटलेली किंवा अर्धवट बसलेली असेल, तर वाय-फाय दुसऱ्या अँटेनावर तग धरते, वेगातली घट कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि ब्लूटूथ तेवढे हातभर अंतरातही अडखळते. मग ‘वाय-फाय चालते, म्हणजे अँटेना ठीक आहे’ असा चुकीचा निष्कर्ष काढून लोक नवे कार्ड आणतात.

एक लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा त्यात नवे कोरे कार्ड बसवून झालेले होते आणि तरीही माउस उड्या मारतच होता. भिंग धरून पाहिले तर एका वायरीच्या टोकाची धातूची टोपी कार्डावरच्या खुंटावर, म्हणजे ती जिथे बसते त्या बारीक उंचवट्यावर, तिरकी टेकलेली दिसली. तिची एक कड खाली गेली होती आणि दुसरी केसभर वर राहिली होती. ती काढून सरळ बसवल्यावर माउस सुरळीत चालू लागला. त्या लॅपटॉपचे जुने कार्डही निर्दोष होते, हे नंतर ते परत लावून पाहिल्यावर कळले.

नवे कार्ड निवडताना

आधी लॅपटॉपचे कार्ड बदलण्याजोगे आहे का ते पाहावे. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत ते मुख्य बोर्डावरच डकवलेले असते. सुटे असेल तर ते बहुधा एम.२ नावाच्या खाचेत बसणारे, २२३० मापाचे, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद व ३० मिलिमीटर लांब असते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे स्वतंत्र नसतात. त्यांचे अर्धे काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होते, त्यामुळे ती एएमडीच्या लॅपटॉपांत किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपांत चालत नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डे आहेत. नावातल्या शेवटच्या एका आकड्याने सगळे बदलते, आणि कार्ड दिसायला सारखे असल्याने खाचेत बसतेही. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) मोजकीच कार्डे स्वीकारते आणि अनोळखी कार्ड दिसताच लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही; आपल्या मॉडेलबाबत ही खात्री खरेदीआधी करून घ्यावी.

नव्या कार्डाचे वाय-फाय आणि ब्लूटूथ असे दोन्ही ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. ते वेगवेगळे असतात, आणि पुष्कळ जण पहिलाच बसवून थांबतात.

कार्ड काढणे आणि बसवणे

लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, खालचे झाकण उघडावे आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. कोणती वायर कोणत्या खुंटावर आहे याचा फोटो काढावा आणि पुढे सांगितलेल्या पद्धतीने वायरी सोडवाव्यात. एकच स्क्रू काढला की कार्डाचे टोक आपोआप वर उचलले जाते. ते त्याच कोनात सरळ ओढून घ्यावे. नवे कार्ड त्याच कोनात खाचेत सरकवावे.

आता वायरींविषयी. ज्यांनी हे काम कधी केले नाही त्यांना सगळा भाग सोपा वाटतो आणि इथे येऊन ते अडकतात. मलाही सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त याच टप्प्याने छळले आहे. वायरीच्या टोकाची धातूची टोपी मोहरीच्या दाण्याएवढी असते आणि कार्डावरचा खुंट त्याहून नाजूक. ही जोडणी पुन्हा पुन्हा काढण्या-घालण्यासाठी बनवलेलीच नसते. प्रत्येक वेळी टोपीची पकड थोडी सैल होते, म्हणून ‘जमेपर्यंत दाबत राहा’ हा सल्ला मला घातक वाटतो.

काढताना वायर कधीही ओढू नये. वायर टोपीपासून तुटली तर संपूर्ण अँटेना बदलावी लागते, आणि ती बहुधा पडद्याच्या चौकटीत असल्यामुळे त्यासाठी पडदाही उघडावा लागतो. टोपीच्या कडेखाली नख किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून ती सरळ वर उचलावी. तिरकी उचलली तर खुंटाची बारीक कड वाकते, आणि वाकलेल्या खुंटावर पुढे कोणतीच टोपी नीट बसत नाही. स्क्रू ड्रायव्हरचे टोक इथे अजिबात वापरू नये. ते निसटले की थेट शेजारच्या सूक्ष्म भागांवर जाते.

बसवताना आधी कार्डाचा स्क्रू लावावा आणि मगच वायरी जोडाव्यात. हे काही जणांना उलटे वाटेल, परंतु त्यामागे कारण आहे: खुंट स्क्रूच्याच बाजूला असतात, त्यामुळे स्क्रू आवळल्यावर त्यांच्याखाली पक्का आधार मिळतो, कार्ड अधांतरी असताना दाबले तर जोर खाचेवर पडतो आणि टोपीही डगमगते. स्क्रूबरोबरच वायरींवर बसणारी धातूची पट्टी असेल, तेवढ्याच लॅपटॉपांत वायरी आधी जोडाव्या लागतात.

त्यानंतर टोपी खुंटावर अलगद ठेवावी आणि दाबू नये. बोटाच्या टोकाने ती किंचित इकडेतिकडे हलवावी. नेमकी जागा सापडली की टोपी सरकायची थांबते आणि बोटाखाली अडकल्यासारखी वाटते. हा क्षण ओळखता येणे हेच या कामातले कौशल्य आहे. तोपर्यंत जोर दिला तर खुंट चेपला जातो. टोपी अडकली की कार्डाच्या पातळीत डोळा आणून बाजूने पाहावे. ती चहूबाजूंनी सपाट दिसली पाहिजे. मगच अंगठ्याचे नख तिच्या बरोबर मध्यभागी ठेवून सरळ खाली दाबावे. बारीकसा ‘टक’ आवाज येतो, आणि तो कानांपेक्षा नखाला जास्त जाणवतो. तो जाणवला नाही तर आणखी जोर देऊ नये. टोपी उचलून पुन्हा सुरुवात करावी. नीट बसलेली टोपी स्वतःभोवती फिरू शकते, पण हलक्या हाताने वर उचलल्यास सुटत नाही.

कोणती वायर कुठे, याबाबत फोटोवर विसंबावे. कार्डावर १ आणि २ असे आकडे किंवा त्रिकोणाच्या खुणा असतात आणि वायरी बहुधा पांढरी व काळी असते, परंतु रंगांची प्रथा सर्व लॅपटॉपांत एकसारखी नसते. जोडून झाल्यावर वायरी पूर्वीच्याच मार्गाने खोबणीत बसवाव्यात. ताणलेली वायर झाकण लावताना टोपीला तिरके ओढते आणि केलेले काम वाया जाते.

झाकणाचे स्क्रू आवळण्याआधी चाचणी घ्यावी

बॅटरी जोडावी, झाकण नुसते टेकवून लॅपटॉप सुरू करावा आणि दोन्ही ड्रायव्हर बसवावेत. ब्लूटूथची जुनी उपकरणे आपोआप जोडली जाणार नाहीत, कारण नव्या कार्डाचा पत्ता वेगळा असतो. लॅपटॉपमधली जुनी नोंद पुसावी, हेडफोन किंवा माउसही जोडणीच्या स्थितीत आणावा आणि नव्याने पेअर करावे. मग वर सांगितलेली अंतराची चाचणी घ्यावी: आधी वाय-फाय बंद ठेवून, नंतर ५ गिगाहर्ट्झवर चालू ठेवून. हातभर अंतरावर आवाज अखंड असेल तर हेडफोन घालून शेजारच्या खोलीत जावे. तिथेही आवाज टिकला तर झाकण लावावे. वाय-फाय सापडते पण ब्लूटूथची नोंदच दिसत नाही, असे झाले तर आधी ड्रायव्हर आणि बायोसची सेटिंग तपासावी, आणि मग बॅटरी पुन्हा सोडवून कार्ड खाचेत पूर्ण गेले आहे का ते पाहावे.

ज्यांचे कार्ड बोर्डावर डकवलेले आहे त्यांनी ब्लूटूथचा छोटा यूएसबी अडॅप्टर घ्यावा. तो यूएसबी ३ च्या उपकरणांपासून दूर लावावा, शक्य असल्यास छोट्या एक्स्टेन्शन केबलवर. विंडोजमध्ये तो लावण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधून आतले ब्लूटूथ बंद करावे, कारण विंडोज एका वेळी एकाच ब्लूटूथ रेडिओवर चालते आणि दोन्ही चालू राहिले तर नवा अडॅप्टरही सदोष वाटू लागतो.